आपला माणूस असतोच

प्रत्येक भावकीत एक तात्या असतात. ॲडमिशन असो, सोयरीक असो, शेताची मोजणी असो, कुठं काही अडलं की ते बंडीच्या खिशातून डायरी काढतात आणि म्हणतात, "थांब. तिथं आपला माणूस असतोच."

आमचे तात्या विट्याचे. उमेदीची वर्षं मदुराईत गलाईच्या भट्टीपुढं गेली. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळानं सोनं-चांदी गाळणारी माणसं देशभर पांगवली, त्यामुळं त्या डायरीत पंजाबपासून केरळपर्यंतचे नंबर आहेत. एवढ्या भांडवलावर तात्यांनी साताऱ्याच्या भाच्याला हेलिकॉप्टर पायलटची नोकरी लावून द्यायचं मनावर घेतलं. तीही पापुआ न्यू गिनीत!

भाचा साताऱ्याच्या सैनिक स्कूलचा. देशातलं पहिलं सैनिक स्कूल ते हेच, 1961 सालचं, हे तात्या रिक्षावाल्यालाही सांगतात. पोरानं कर्ज काढून कमर्शियल लायसन्स मिळवलं, दीडशेवर तास उडवले आणि घरी येऊन बसला. जो तो विचारतो, हजार तास आहेत का? नोकरी नाही म्हणून तास नाहीत, तास नाहीत म्हणून नोकरी नाही. जुहूवरून समुद्रातल्या तेलविहिरींवर जाणारी हेलिकॉप्टरं म्हणा, केदारनाथच्या फेऱ्या म्हणा, रांगेत पुढं सैन्यातून निवृत्त झालेले, सियाचिन बघून आलेले पायलट उभे.

मग भाच्यानंच एके दिवशी पापुआ न्यू गिनीचं नाव काढलं. राजधानी पोर्ट मोर्स्बीहून लाए किंवा माउंट हेगनला जायला रस्ताच नाही. नुसते डोंगर, जंगल आणि आठशेवर भाषा. खाणीसाठी भोकं पाडायची यंत्रं सुटी करून हेलिकॉप्टरखाली लांब दोराला टांगून न्यायची. पायलटनं खिडकीतून मान बाहेर काढून खालच्या ओझ्याकडं बघत उडवायचं. ढग उतरले की काम बंद. हे सगळं ऐकून तात्या म्हणाले, "रस्ता नाही म्हणून हेलिकॉप्टर? आमच्या कांदाटी खोऱ्यात लाँचवर भागवतात की." कौतुक कुणाचं होतं, कळलं नाही.

त्या दिवसापासून तात्या पहाटे साडेचारला उठतात. तिकडचं घड्याळ साडेचार तास पुढं, म्हणजे हापिस नऊला उघडलं, हा हिशेब. भाचा साताऱ्याहून व्हिडिओवर, तात्या विट्याहून. भाचा अदबीनं इंग्रजीत बोलत असतो आणि मध्येच तात्यांचा आवाज येतो, "सर, बॉय व्हेरी गुड. नो ड्रिंकिंग!" भाच्यानं एकदा तात्यांचा आवाज बंद केला. आठवडाभर तात्या "बरं चाललंय तुमचं" एवढंच बोलत होते.

निवडणुकीत कॉलेजच्या मैदानावर नेत्याचं हेलिकॉप्टर उतरलं. सगळा गाव नेत्याकडं धावला, तात्या पायलटकडं. हातात कंदी पेढ्यांचा पुडा. "साहेब, परत जाताना आमच्या भाच्याला शेजारी बसवा. तेवढेच तास पडतील." शेजारी नुसतं बसून तास पडत नाहीत, हे त्या भल्या माणसानं पेढा खात समजावलं. तात्यांनी त्यांचाही नंबर डायरीत घेतला. नावापुढं लिहिलं : हेलिकॉप्टरवाले, गोड खातात.

खरं सांगायचं तर तास ही भानगड तात्यांना आमच्यापेक्षा आधी कळली. "दुकानात पोरगं ठेवतो ते काय सोनं गाळायला?" ते म्हणाले. "आधी झाडू मारतं. झाडलेल्या मातीतही सोनं असतं, म्हणून ती माती फेकायची नसते, हे पहिलं शिकतं. भट्टी मग." भाच्यानं तिकडं जाऊन हेलिकॉप्टर धुवावं, ड्रम ढकलावेत, असं त्यांचं म्हणणं. भाच्याची आई, आमच्या आक्का, रडल्या. एवढं कर्ज काढून पोरानं धुणं धुवायचं? पण त्या पेढेवाल्या पायलटनंही फोनवर तेच सांगितलं : परदेशात कमी तासांची पोरं हँगरमधूनच वर चढतात. तात्यांनी स्पीकर मोठा केला.

राहिला आपला माणूस. तोही सापडला. तमिळनाडूतल्या शिवकाशीचे शशिंद्रन मुथुवेल तिकडं दुकानदारी करता करता राजकारणात शिरले आणि 2012 साली वेस्ट न्यू ब्रिटन प्रांताचे गव्हर्नर झाले, हे भाच्यानं सहज वाचून दाखवलं. तात्या खुर्चीतून उठलेच. "शिवकाशी? मदुराईच्या खालीच की रे! तिथं आपल्या एकाचं दुकान असणारच." दोन दिवस त्यांच्या तोंडी तमिळ सोडून काही नव्हतं. विट्यात भाजीवालीशीसुद्धा.

कवलापूरच्या धावपट्टीवर विमान येणार, हे सांगली ऐकतेच आहे. त्या मानानं तात्यांचं काम लवकर झालं म्हणायचं. परवा एका कंपनीचं उत्तर आलं. सध्या जागा नाही, हजार तास झाले की जरूर कळवा. भाचा गप्प. तात्यांनी चष्मा लावून ते पुन्हा वाचायला लावलं, 'जरूर' पाशी थांबवलं आणि संध्याकाळपर्यंत पेठेत सांगून आले, "आमच्या भाच्याचं तिकडं पक्कं झालं. साडेआठशे तासांचंच काय ते राहिलंय. कुणी ओळखीचं आहे का?"