खाडा

आमच्याकडे दुधाचा हिशेब स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर असतो. खरं तर दूध कोणी लिहीतच नाही. लिहितात ते खाडे. दूध आलं त्या दिवसाचा चौकोन कोरा. आलं नाही, की बायको त्यात निळ्या पेनाने एक फुली मारते आणि महिनाअखेरीस तेवढे पैसे कापते. सव्वीस दिवस पावसापाण्यात पहाटे साडेपाचला येणारा माणूस त्या पानावर कुठेच नसतो. न आलेले चार दिवस तेवढे लांबूनही दिसतात.

गेल्या महिन्यात हे पान मला लॅपटॉपच्या पडद्यावर दिसलं.

झालं असं, की माझा लॅपटॉप चालता चालता एकदम बंद पडायला लागला. ‘लेख ऐन रंगात आला की हा डोळे मिटतो,’ असं मी घरात सांगत होतो. शेवटी भाचीला फोन लावला.

“मामा, आधी पूर्ण बंद कर. मग चालू करताना एफ-टू टकटक दाबत राहा.”

“किती वेळा?”

“कडी कशी वाजवतोस? दार उघडेपर्यंत. तसंच.”

प्रत्येक कंपनीच्या दाराची कडी निराळी असते म्हणे. कुठे एफ-टू, कुठे एफ-टेन, कुठे डिलीट. माझं दार उघडलं आणि मी बायोसमध्ये पोचलो. विंडोज जागं होण्याआधी जे जागं होतं, कीबोर्ड आहे का, मेमरी आहे का, पंखा फिरतो का, अशी हजेरी घेतं, ते हे बायोस. ‘बेसिक इनपुट आउटपुट सिस्टिम’चं हे लघुरूप गॅरी किल्डॉल या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९७५ च्या सुमारास आपल्या सीपीएम प्रणालीत वापरलं. आता त्याच्या जागी यूईएफआय आलं आहे, पण म्हणताना सगळे बायोसच म्हणतात. ग्रीक भाषेत ‘बायोस’ म्हणजे आयुष्य. हा निव्वळ योगायोग, पण आत जे दिसलं त्यानंतर मला तो तितकासा निव्वळ वाटेना.

‘सिस्टिम लॉग्ज’ नावाच्या कप्प्यात तीन वह्या होत्या: बायोसची, पॉवरची आणि थर्मल, म्हणजे तापल्याची. गेली कित्येक वर्षं मी समजत होतो की लिहिणारा मी आणि लॅपटॉप हे साधन. हा तर माझ्या पाठीमागे स्वतःच लिहीत बसला होता! ही वही मदरबोर्डवरच्या चिपमध्ये असते. विंडोज पुसून नव्याने घाला, हार्डडिस्क बदला, तिच्या अंगाला ओरखडा येत नाही. आणि लिहिलेलं काय? नीट चालू झाल्याच्या हजार दिवसांबद्दल एक अक्षर नाही. चार्जर ओळखू आला नाही, अमुक दिवशी फार तापल्याने बंद. खाडे, नुसते खाडे.

थर्मलची पानं मी मोठ्याने वाचायला नको होती. दुपारी दोन चाळीस. तीन दहा. दोन पंचावन्न. बायको भाजी निवडत ऐकत होती.

“अहो, दोन ते चार तुम्ही लिहीत असता ना?”

दोन ते चार मी पलंगावर असतो. लॅपटॉप गोधडीवर, त्यात कसलासा सिनेमा, आणि त्याच्याशेजारी मी, घोरत. खालच्या जाळीतून त्याला हवा मिळत नाही. तापतो आणि जीव वाचवायला बंद पडतो. लेख रंगात आल्याची एकही नोंद त्याच्याकडे नव्हती.

एका नोंदीवर तर १ जानेवारी २०१६ अशी तारीख होती. लॅपटॉप मी घेतला २०१८ मध्ये. भाचीने सांगितलं, आतला बटणाएवढा सेल संपला असणार. तो संपला की घड्याळ तारीख विसरतं. माझ्या काकांचं असंच होतं. वाटणीच्या वेळी कोण काय बोललं ते त्यांना शब्दन् शब्द पाठ; साल मात्र कधी बहात्तरच्या दुष्काळाचं, कधी आणीबाणीचं.

प्रत्येक वहीपुढे दोनच पर्याय होते: कीप आणि क्लिअर. पुरावा पुसायला माझं बोट कधीच तयार झालं होतं.

“मामा, पुसू नकोस हं! आधी दुरुस्त करणाऱ्याला दाखव.”

दाखवलं. त्या मुलाने नोंदी वाचल्या, मान हलवली आणि मागचं झाकण उघडलं. पंख्याच्या तोंडाशी धुळीचा नमदा बसला होता आणि त्यात एक जांभळा धागा होता. आईच्या नऊवारीची ती गोधडी. धागा मी लगेच ओळखला. धूळ काढली, नवा सेल बसवला, वीस मिनिटांत काम झालं. मला उगाचच वाटत होतं की ती वही माझ्याविरुद्ध लिहिलेली आहे. त्या मुलाने ती डॉक्टर तापाचा तक्ता वाचतो तशी वाचली आणि बाजूला ठेवली.

घरी येऊन मी क्लिअर केलं. लॅपटॉप पुन्हा चालू झाला तेव्हा पाहिलं, तर पर्याय आपोआप कीपवर गेलेला. मागचं सोडून दिलं, पण पुढचं लिहायची सवय सोडली नाही. त्या दिवशी दूधवाल्याला बायकोने प्रथमच विचारलं, की महिन्यातून चार दिवस तुम्ही जाता कुठे. आईला डायलिसिसला न्यावं लागतं, म्हणाला.

या गोष्टीला तीन आठवडे झाले. लॅपटॉप एकदाही बंद पडलेला नाही. त्याची नोंद कुठेच नाही, म्हणून इथे केली.