कुठल्या पार्टीचं ओ तुम्ही?

बेळगावजवळच्या हिंडलग्यात आम्ही पाच-सहा मतदारांनी एक मंडळ काढायचं ठरवलं. नियम एकच. झेंडा कुणाचाच धरायचा नाही. उमेदवार कुणाचाही असो, त्याला गटार, पाणी आणि पथदिव्यांचे तेच प्रश्न विचारायचे. पहिली बैठक वेंगुर्ला रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर. चहा यायच्या आधी टपरीवाल्याचा प्रश्न आला, "कुठल्या पार्टीचं ओ तुम्ही?"

"कुठल्याच नाही."

"तसं सगळेच म्हणतात की. बिल कोण देणार, ते सांगा."

ज्याचे त्याने दिले. संशय तिथेच पक्का झाला.

संध्याकाळपर्यंत कमळवाल्यांनी आम्हाला हातात टाकलं, हातवाल्यांनी कमळात. आणि महाराष्ट्र एकीकरण समितीतल्या जुन्या जाणत्यांनी 'मराठी मतं फोडायला सोडलेली पोरं' म्हणून शिक्का मारला. आमच्यातला सर्वांत लहान पोरगा 58 वर्षांचा आहे. गावात कुणाच्याच नसलेल्यांची एकच वस्ती लोकांना पटते, ती मध्यवर्ती कारागृहातली. कैद्यांना कायद्याने मतच देता येत नाही. त्यामुळे त्यांना कुणी काही विचारायला जात नाही.

गंमत म्हणजे कायदा आमच्याच मंडळाचा सभासद निघाला. कर्नाटकात ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षविरहित असते. तिथे पक्षाचं चिन्ह कुणालाच मिळत नाही. 2020 च्या डिसेंबरात राज्यभर अशा निवडणुका झाल्या आणि निकालानंतर प्रत्येक पक्षाने गुलाल उधळला. ज्या निवडणुकीत पक्षच नव्हते, ती सगळ्या पक्षांनी जिंकली!

जिल्हा आणि तालुका पंचायतीत मात्र पक्ष चालतात. तिथे निवडणूकच चालत नाही. शेवटची झाली 2016 साली. मुदत 2021 मध्ये संपली. मुदत संपायच्या आत निवडणूक घ्या, असं राज्यघटना सांगते. पण त्याच वर्षी मतदारसंघ आखायचं काम राज्य निवडणूक आयोगाकडून काढून एका नव्या आयोगाकडे दिलं गेलं आणि मग वर्षामागून वर्षं गेली. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेच्या वादात धीर कसा धरायचा, हे बेळगावकराला 1956 पासून शिकवावं लागत नाही. पण मतदारसंघाचाही सीमाप्रश्न होईल, हे आमच्या स्वप्नात नव्हतं.

मतदारांनी स्वतःच आवाज काढला तर काय होतं, तेही इथे एकदा बघून झालंय. 1996 च्या लोकसभेला सीमाप्रश्नाकडे दिल्लीचं लक्ष वेधायचं म्हणून बेळगावात अर्जांचा पाऊस पाडला गेला. रिंगणात 456 उमेदवार! त्याच वर्षी नलगोंड्यात 480 आणि तमिळनाडूतल्या मोडाकुरिचीत विधानसभेला 1033. दिल्लीचं लक्ष गेलं, नाही असं नाही. प्रश्नाकडे नव्हे, अनामत रकमेकडे. 500 रुपयांची अनामत थेट 10,000 झाली. तक्रारीचा भाव वीसपट करणारा दुकानदार बाजारात टिकला नसता. पण हे दुकान एकच आहे.

तेव्हा उमेदवारी आम्हाला परवडत नाही. उरली ग्रामसभा. ती सहा महिन्यांतून एकदा तरी घ्यावीच लागते आणि तिथे बसायला अनामत लागत नाही. घरकुलं कुणाला, हे तिथेच ठरायचं असतं. मागे एकाला आम्ही ग्रामसभेला चला म्हटलं, तर त्याने आधी विचारलं, "जेवण आहे काय ओ?"

जेवण नाही. पण पुढची ग्रामसभा कोणत्या तारखेला, ते पंचायत विकास अधिकाऱ्यांना (पीडीओ) विचारून ठेवा आणि या. आधी टपरीवर भेटू. चहाचे पैसे आपापले.