भाताचा भाव, राइसचा भाव

घोटीच्या गिरण्यांतून निघणाऱ्या गोण्यांवर ठळक अक्षरात ‘राइस’ छापलेलं असतं. इतका साधा शब्द की त्याचा अर्थ कुणी विचारत नाही. मी विचारतो, कारण या एका शब्दात इगतपुरी तालुक्यातल्या शेतकऱ्याचा हिशेब बुडतो.

बाजारात एकजण म्हणतो, ‘राइस तेवीस रुपये किलो’ आणि दुसरा म्हणतो, ‘राइस साठ रुपये’. दोघंही खरं बोलतात. पहिला भाताबद्दल बोलतोय, दुसरा तांदळाबद्दल. मराठीत बोलले असते तर वाद झालाच नसता.

आपल्याकडे या पिकाला टप्प्याटप्प्यावर वेगळं नाव आहे. उन्हाळ्यात राब भाजायचा, पावसाच्या तोंडावर रोप टाकायचं, चिखलणी करून आवणी उरकायची. मग जात बघून हळवा, निमगरवा, गरवा. दिवाळीच्या आगेमागे सोंगणी, पुढे खळ्यावर झोडणी. इथपर्यंत तो भात, काही घरांत साळ. गिरणीत भरडला की तांदूळ. तुटला तर कणी. वरचं टरफल ते तूस, पॉलिश करताना निघतो तो कोंडा. ताटात आला की पुन्हा भात आणि त्यातला एक दाणा म्हणजे शीत. गोव्यात तर ताटातल्या सगळ्या भातालाच शीत म्हणतात. भंडारा-गोंदियात शेतातल्या पिकाला धान. ही नावं कोशकारांनी बसून ठरवलेली नाहीत. प्रत्येक टप्प्यावर मालाचं वजन बदलतं, भाव बदलतो, मालक बदलतो, म्हणून ती पडली.

इंग्रजीत टरफलासकट दाण्याला ‘पॅडी’ म्हणतात. तो शब्द मलायमधून घेतलेला. अमेरिकेत त्यालाच ‘रफ राइस’ म्हणतात आणि शिकागोच्या वायदेबाजारात त्याचे सौदे याच नावाने होतात. बाकी सगळं राइसलाच विशेषणं लावून भागवलेलं. ब्रोकन राइस, ब्राऊन राइस, पफ्ड राइस. इंग्रजांच्या शेतात भात पिकत नव्हता, त्यांना तेवढं पुरलं. आपल्याला ते पुरत नाही.

आता आकडे बघा. २०२५-२६च्या खरिपात साधारण भाताचा आधारभूत भाव क्विंटलला २,३६९ रुपये ठरला. हा भाव भाताचा, तांदळाचा नव्हे. सरकारी भरडाईत १०० किलो भातामागे ६७ किलो कच्चा तांदूळ धरतात. म्हणजे भरडाई, वाहतूक, बारदाना यांतलं काहीही न धरता एक किलो तांदळात साधारण ३५ रुपयांचा भात गेलेला असतो. इंद्रायणीसारख्या वाणात तुकडा जास्त झाला तर अख्खा तांदूळ आणखी कमी हाती येतो. हा साधा भागाकार ज्याला येतो त्याला गिरणीत कुणी गंडवू शकत नाही. पण ‘राइसचा रेट काय’ असा प्रश्न विचारला की भागाकाराची जागाच पुसली जाते. तेवीस आणि साठ यांच्यामध्ये नक्की कोण किती घेतो, हे विचारायला आधी त्या दोन वस्तू दोन आहेत हे कळायला हवं.

सरकारला मात्र फरक पक्का कळतो. सप्टेंबर २०२२मध्ये केंद्राने कणीच्या निर्यातीवर बंदी घातली आणि भातावर, तसंच पॉलिश न केलेल्या आणि केलेल्या तांदळावर २० टक्के निर्यात शुल्क लावलं. बासमती आणि उकडा त्यातून वगळला. पुढे जुलै २०२३मध्ये बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यातही थांबवली. प्रत्येक आदेशात ज्याच्या त्याच्या नावाचा काटेकोर उल्लेख होता. ‘राइसवर बंदी’ एवढंच ऐकणाऱ्या शेतकऱ्याला आपल्या खळ्यातल्या मालाचं काय होणार, हे त्यातून कळणं शक्य नव्हतं.

आणि कोंड्याची गोष्ट तर फारच टोचणारी आहे. गिरणीत भरडाईच्या बोलीत कोंडा बऱ्याचदा हिशेबाबाहेर राहतो. त्याच कोंड्यापासून तेल निघतं आणि बाटलीवर नाव येतं राइस ब्रॅन ऑइल. शेतकरी ती बाटली किराणा दुकानातून विकत आणतो आणि आपल्याच भाताचं तेल आहे, हे बाटलीवर कुठेही मराठीत लिहिलेलं नसतं. ब्राऊन राइसचंही तेच. तूस काढलेला, पॉलिश न केलेला तांदूळ. आपल्याकडे हातसडीचा तांदूळ होता, तो याच्या जवळचा. जात्यावर भरडून, उखळात सडून बायका तो करत. आता तो शहरात चढ्या भावाने विकला जातो आणि ज्या घरात तो रोज होत होता तिथली सून पाकिटावरचं नाव वाचून नवीनच काही आहे असं समजते.

हॉटेलात राइस प्लेट म्हणा, माझं काही म्हणणं नाही. तो शब्द मराठी झाला, त्यात कुणाचं नुकसान नाही. जिथे पैशाचा व्यवहार होतो तिथे मात्र ढगळ शब्द चालणार नाही.

म्हणून घोटीच्या बाजार समितीने आणि प्रत्येक गिरणीवाल्याने दर्शनी फलकावर पाच ओळी लिहाव्यात: भात, तांदूळ, कणी, कोंडा, तूस. प्रत्येकापुढे त्या दिवसाचा भाव. खाली एक ओळ, आज १०० किलो भाताला किती किलो तांदूळ पडला. शेतकऱ्याच्या पावतीवरही हेच पाच शब्द, कोंडा कुणी ठेवून घेतला त्यासह. सोंगणी सुरू होण्याआधी हे फलक लागले पाहिजेत. एकदा ट्रॅक्टर गिरणीच्या दारात रांगेत उभे राहिले की विचारायला कुणाला वेळ नसतो.