मुख्यमंत्र्यांचा विनंती अर्ज

वकिली सुटली तरी अर्ज लिहायची खोड सुटत नाही. सिद्धरामय्या म्हैसूरला एलएल.बी. झाले, एका वकिलाच्या हाताखाली ज्युनिअर राहिले, पोरांना कायदाही शिकवला. १९८३ साली चामुंडेश्वरीतून आमदार झाले आणि कन्नडच्या राखणीसाठी नेमलेल्या समितीचे पहिले अध्यक्षही. (ही राखण म्हणजे काय, ते बेळगावकरांना समजावून सांगायला नको.) पुढे अर्थमंत्री, उपमुख्यमंत्री, देवेगौडांच्या पक्षातून हकालपट्टी, २००६ मध्ये काँग्रेस, मग दोनदा कर्नाटकचे मुख्यमंत्री. पक्षकार बदलत गेले, वकील तोच.

आता बेंगळुरूचं बेळ्ळंदूर बघा. इथल्या तलावाला फेस येतो, २०१७ साली त्याला आगही लागली होती. २०२२ च्या पावसात आसपासचे इंजिनिअर ट्रॅक्टरवर बसून ऑफिसला गेले. पाऊस नसेल तेव्हा सगळे इब्लूर जंक्शनला उभे असतात. सप्टेंबर २०२५ मध्ये इथल्या एका कंपनीच्या प्रमुखाने वैतागून, आम्ही चाललो, असं जाहीर केलं. मग १९ तारखेला मुख्यमंत्र्यांनी पत्र लिहायला घेतलं. कुणाला? रस्ते विभागाला नव्हे. विप्रोवाल्या अझीम प्रेमजींना! विप्रोच्या सर्जापूर रस्त्यावरच्या आवारातून थोड्या गाड्या जाऊ द्या, गर्दीच्या वेळची कोंडी तीसेक टक्क्यांनी हटेल, अशी विनंती. ज्यांच्या सहीने अख्ख्या राज्यात रस्ते होतात, त्यांनी शेजाऱ्याच्या अंगणातून वाट मागितली.

उत्तर पाच दिवसांत आलं. सरकारी खात्याने इतक्या लवकर साधी पोचही दिली नसती. प्रेमजी शिक्षणाने इंजिनिअर. कंपनीचा धंदा १९४५ साली आपल्या अमळनेरात वनस्पती तुपाने सुरू झालेला. पण उत्तर अस्सल वकिली. आधी मुख्यमंत्र्यांच्या पुढाकाराचं कौतुक, मग एकेक हरकत: जागा खासगी, कंपनी शेअर बाजारातली, आवार सेझमधलं, परदेशी ग्राहकांशी ये-जा नियंत्रित ठेवण्याचे करार. एलएल.बी. मुख्यमंत्र्यांना कायद्याची शिकवणी, तीही बिनफी.

फी उलट प्रेमजीच द्यायला निघाले. कोंडीचा तज्ज्ञांकडून शास्त्रीय अभ्यास करून घ्या, खर्चाचा मोठा वाटा आम्ही उचलतो, असं त्यांनी त्याच पत्रात कळवलं. मागितला रस्ता, मिळाला अभ्यास. अहवालाची वाट बघायला बेळ्ळंदूरकरांची ना नसावी. नाहीतरी ते सिग्नलला उभेच आहेत.