नाही म्हणणारा गाइड हवा

फेब्रुवारी ते एप्रिल हा दक्षिणेतल्या पाणथळींवरच्या फोटो-टूरचा हंगाम. म्हैसूरजवळचं रंगनतिट्टू, मंड्या जिल्ह्यातलं कोक्करे बेळ्ळूर, तमिळनाडूतलं वेडंतांगल. पुण्या-मुंबईहून गट निघतात, सोबत गाइड असतो आणि जाहिरातीत हमी असते: पक्षी अगदी जवळून मिळतील.

अशी हमी देणाऱ्याकडे पैसे भरू नका.

हा हंगाम घरट्यांचा आहे. या दिवसांत पक्षी आपल्याला जवळ येऊ देतो, त्याचं कारण साधं आहे. अंडी सोडून त्याला जाता येत नाही. त्याची ही अडचण वापरून काढलेल्या फोटोत कौशल्य कसलं?

रंगनतिट्टूचा नदी सुरय बघा. उन्हाळ्याकडे कावेरीचं पाणी उतरतं, खडक उघडे पडतात आणि त्या उघड्या खडकावरच तो अंडी घालतो. काडी नाही, आडोसा नाही. दुपारी खडक तव्यासारखा तापतो. मग सुरय पोटाची पिसं पाण्यात भिजवून येतो आणि अंड्यांवर बसतो. होडी आणखी थोडी पुढे घ्यायला लावली की तो उडतो. आपल्याला फ्लाइट शॉट मिळतो, अंड्यांना ऊन मिळतं आणि कावळ्याला अंडी मिळतात. झाडावरचा चित्रबलाक पंख अर्धवट पसरून पिल्लांवर सावली धरतो. त्याला उठवलं की पिल्लं उन्हात.

यावर ‘एवढ्याने काय होतंय’ म्हणणाऱ्यांनी वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ उघडावा. शिकारीच्या व्याख्येत मारणं आणि सापळ्यात पकडणं यांबरोबर पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणंही येतं. हातात बंदूक आहे की ६०० एमएमची लेन्स, हे त्या व्याख्येत कुठेच विचारलेलं नाही. घरट्यांचे फोटो अनेक निसर्ग-छायाचित्र स्पर्धा घेतच नाहीत, तेही उगाच नाही.

आता या जागा टिकल्या कशा, तेही बघू. सतराव्या शतकात म्हैसूरच्या राजवटीने कावेरीवर बांध घातला, त्यातून रंगनतिट्टूची बेटं तयार झाली. सलीम अलींनी तिथली घरटी पाहिली, महाराजांना पटवलं आणि १९४० मध्ये अभयारण्य झालं. वेडंतांगलची गोष्ट त्याहून जुनी. गोरे शिपाई तळ्यावरचे पक्षी मारू लागले तेव्हा गावकरी तक्रार घेऊन कलेक्टरकडे गेले आणि १७९८ मध्ये संरक्षणाचा लेखी हुकूम घेऊन आले. पक्ष्यांच्या विष्ठेने तळ्याचं पाणी शेताला खत होतं, हे त्या शेतकऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. शिवगंगा जिल्ह्यातल्या वेट्टंगुडीच्या तळ्याभोवतीची गावं पक्षी बिचकू नयेत म्हणून दिवाळीला फटाके वाजवत नाहीत. लहान पोरांना दिवाळीत फटाक्यांवाचून राहायला शिकवणं किती अवघड आहे, ते कुठल्याही आईबापाला विचारा.

आणि कोक्करे बेळ्ळूर. इथे झोळीवाले आणि चित्रबलाक भर गावात, घरांच्या डोक्यावरच्या चिंचांवर घरटी करतात. अंगणात विष्ठा पडते, माशांचा वास सुटतो, चिंचेचं पीक हातचं जातं. वनखातं त्याची भरपाई देतं, पण वास आणि घाण यांची भरपाई कोण देणार? तरी गाव पक्ष्यांना हाकलत नाही. घरट्यातून पडलेली पिल्लं उचलून, मासे भरवून वाढवणारे कार्यकर्ते याच गावात तयार झाले. २००७ मध्ये हे गाव सामुदायिक राखीव क्षेत्र जाहीर झालं.

या सगळ्यांनी काही ना काही सोडलं. कुणी पीक सोडलं, कुणी सणाची मजा सोडली. आपण हजारो रुपये भरून तिथे जातो आणि आपल्याला एक फ्रेम सोडवत नाही!

म्हणून गाइडचं पहिलं काम पक्षी दाखवणं असूच शकत नाही. पक्षी तर तिथल्या शेंबड्या पोरालाही दिसतात. गाइडचं काम आहे थांबवणं. सुरयाचा खडक आला की होडी लांब ठेवणं. पक्षी मान ताणून आपल्याकडे बघायला लागला की ‘बस, मागे चला’ म्हणणं. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर काढणाऱ्या गिऱ्हाइकाच्या हातातला मोबाइल खिशात घालायला लावणं. फांदी आड येते म्हणून ती मोडू पाहणाऱ्याला तिथल्या तिथे झापणं.

रंगनतिट्टूत वनखात्याचे नावाडी वल्ह्याची होडी चालवतात. कोणत्या खडकावर मगर पहुडते आणि कोणत्या खडकावर अंडी आहेत, हे ते जाणतात. त्यांना जास्तीच्या नोटेचं आमिष दाखवून ‘अजून थोडं पुढे’ म्हणणं बंद करा. बक्षिसी जरूर द्या, ती होडी लांब थांबवल्याबद्दल द्या. महिनाभरात फरक दिसेल.

फोटोंचं काय, म्हणाल. लांबूनही भरपूर मिळतं. चोचीत काटकी धरून येणारा मुग्धबलाक, पाण्यावर पाय टेकवत उतरणारा झोळीवाला, चोच डावी-उजवीकडे फिरवत उथळ पाणी चाळणारा चमचा. वेडंतांगलला तर बांधावरून आणि मनोऱ्यावरूनच बघायचं असतं, अंतर आधीच ठरलेलं. तिथे सकाळच्या उन्हात अख्खं झाड, त्यावरचा सगळा संसार आणि खालचं पाणी एका चौकटीत बसवून दाखवा. त्याला नजर लागते. डोळ्यातली बाहुली टिपायला लागते फक्त महागडी लेन्स.

हीच शिस्त घरीही हवी. नांदूर मधमेश्वर २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून जाहीर झालं, ते मनोऱ्यावरूनच बघा. भिगवणला रोहितांचे पंख उघडे मिळावेत म्हणून थव्यात होडी घालायला सांगू नका. हजारो मैल उडून येणारे पाणपक्षी इथे पोट भरायला उतरतात. आपल्या अल्बमसाठी त्यांना पुन्हा पुन्हा उडवणं म्हणजे त्यांच्या तोंडचा घास काढणं आहे.

पुढच्या टूरचे पैसे भरण्याआधी आयोजकाला एकच प्रश्न विचारा: मागच्या हंगामात तुम्ही कोणत्या गिऱ्हाइकाला, कुठे आणि का थांबवलंत? पटकन दोन-तीन प्रसंग सांगितले तर डोळे मिटून पैसे भरा. आठवावं लागलं, तर दुसरा गाइड शोधा.