शिडाचे काका

समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीवर, कर्वे पुतळ्यापासून चालत जाण्याच्या अंतरात, एक जमात हल्ली चांगलीच फोफावली आहे. वय साठीच्या पुढे, बँकेतून निवृत्ती, मुलगा-सून आयटीत आणि सोसायटी पुनर्विकासाच्या उंबरठ्यावर. यांना शिडाचे काका म्हणावं. बिल्डर तीन वर्षांचं भाडं देणारच आहे, मग ते कर्वेनगरातल्या दोन खोल्यांवर का उधळायचं? त्यापेक्षा चाळीस फुटी शिडाची बोट घ्यावी, अख्ख्या कुटुंबाला घेऊन लक्षद्वीप, अंदमान, जमल्यास सेशेल्स असं हिंडत राहावं आणि नव्या फ्लॅटची चावी मिळाली की परत यावं. साधा हिशेब!

समुद्राशी यांचा प्रत्यक्ष संबंध गेटवे ते मांडवा एवढाच. तोही तोंडात आवळासुपारी धरून. पण अनुभव नाही म्हणून मत नाही, असं कोथरूडात चालत नाही. नौदलाचे दिलीप दोंदे 2009 च्या ऑगस्टमध्ये मुंबईहून एकटे निघाले, वाटेत चारच बंदरं घेतली आणि पृथ्वीला वळसा घालून 2010 च्या मेमध्ये परतले. एकट्याने असं करणारे ते पहिले भारतीय. काकांना त्यांचा प्रचंड अभिमान; फक्त ‘केप हॉर्नला जायची काही गरज नव्हती’ एवढंच त्यांचं म्हणणं. पनामा कालव्यातून गेलं तर ती परिक्रमा धरत नाहीत, असं कुणी सांगितलंच, तर काका नियम करणाऱ्यांची कीव करतात. दोंद्यांची ‘म्हादेई’ गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी बांधली, हे मात्र ते अशा आवाजात सांगतात की दांडेकर मूळचे मयूर कॉलनीतलेच वाटावेत.

सराव गॅलरीत चालतो. कपडे वाळत घालायची कप्पीवरची दोरी तिथे आयतीच आहे. परवा काकूंनी ओली डबल चादर टाकली आणि काकांना शीड दिसलं. “वारा थेट समोरून आला तर बोट पुढे जात नाही, तिरकं तिरकं घ्यावं लागतं,” असं नातवाला समजावत त्यांनी चादर छतापर्यंत चढवली आणि दोरीला बोलाइन गाठ मारली. खलाशांची ही लाडकी गाठ. ताण आला तरी सरकत नाही आणि हवी तेव्हा चटकन सुटते. काकांची सरकली नाही, हे खरंच. रात्री चादर उतरवायला सुनेने कात्री आणली.

काकू विरोध करत नाहीत, फक्त प्रश्न विचारतात. पाणी किती? टाकीत चारशे लिटर, अंघोळ समुद्राच्या पाण्याने, वरून गोड्या पाण्याचा एक तांब्या. “म्हणजे पालिकेने पाणी बंद केल्यासारखंच,” काकू म्हणाल्या. वेग किती? पाच नॉट, ताशी नऊ किलोमीटर. तेवढा संध्याकाळी कर्वे रस्त्यावरही मिळतो. कोचीहून कवरत्ती चारशेएक किलोमीटर, म्हणजे दोन दिवस-दोन रात्री. मध्ये थांबायला फूड मॉल नाही, आणि खोल समुद्रात नांगर टेकत नाही. म्हणून चोवीस तास कुणीतरी जागं राहून पहारा द्यायचा, पाळीपाळीने.

“दुपारी एक ते चार कोण?”

काका जरा थांबले. “स्वयंचलित सुकाणू असतं.”

“मग तुम्ही कशाला हवेत?”

सुनेचं म्हणणं त्या मानाने सोपं होतं: नेट असेल तर येते. नातू तर तयारच आहे. त्याला शाळा नको आहे.

तरीही स्वारी निघालेली नाही, कारण पुनर्विकासच अडला आहे आणि तो काकांच्याच सहीवाचून. तीन वर्षांनी परत आल्यावर बोट ठेवायची कुठे? त्यांनी आच्छादित पार्किंग मागितलं आहे, करारात लेखी. डोलकाठी साठ फूट, म्हणजे पाचवा मजला, हे बिल्डरच्या माणसाने नम्रपणे दाखवून दिलं. काठी उतरवून आडवी ठेवता येते, असं काकांनी सर्वसाधारण सभेत नकाशासह सिद्ध केलं. पण आडवी ठेवली की ती शेजारच्या वकिलांच्या पार्किंगात वीस फूट शिरते, आणि वकिलांनी लेखी हरकत घेतली आहे.