भिंतीला काय वाटतं?

हे गृहस्थ आर्किटेक्ट असतात, पण तसं म्हटलेलं त्यांना खपत नाही. ते 'अवकाशाशी बोलतात'. काळा कुडता, कॉर्बुझिएसारखा जाड काड्यांचा गोल चष्मा. दोन बेडरूमचा फ्लॅट नीट करून द्या म्हटलं, की पहिले दोन तास फक्त 'राहणं म्हणजे काय' यावर जातात.

काकू विचारतात, "माळा कुठं काढलाय?"

ते डोळे मिटतात. "माळा म्हणजे भूतकाळाची आसक्ती, काकू."

"आसक्ती कसली डोंबलाची, फराळाची पातेली आहेत."

अडॉल्फ लोसनं गेल्या शतकाच्या आरंभी नक्षीकामाला गुन्हा ठरवलं. तेव्हापासून खिडकीच्या ग्रिलवर मोर दिसला की यांना पोलिसांना फोन करावासा वाटतो. लुई काह्न म्हणे विटेलाच विचारायचा, बाई, तुला काय व्हायचंय? वीट म्हणायची, कमान. अहमदाबादच्या आयआयएममध्ये विटांनी ते करूनही दाखवलंय. आमचे गृहस्थ हीच चौकशी जिप्सम बोर्डाकडे करतात. बोर्ड गप्प. उत्तर मिस्त्री देतो, "साहेब, ह्याच्यात खिळा टिकत न्हाई."

पहिल्याच पावसात गच्चीवरून ओल उतरते. "कॉर्बुझिएचं व्हिला साव्हॉयसुद्धा गळायचं," ते सांगतात. स्वरात दिलगिरी नसते, घराण्याचा अभिमान असतो.

आणि विट्गेनस्टाइन! त्या तत्त्वज्ञानं १९२६ ते १९२८ या काळात व्हिएन्नात बहिणीसाठी घर उभारलं आणि ते पुरं होत आलेलं असताना एका दालनाचं छत तीन सेंटिमीटर वर घ्यायला लावलं. ही कथा प्रत्येक गिऱ्हाइकाला एकदा ऐकावी लागते, काम रखडलं की पुन्हा. त्याच विट्गेनस्टाइननं दारांच्या मुठी आणि रेडिएटर स्वतः आखून कारागिरांना सळो की पळो करून सोडलं होतं, एवढा भाग मात्र कथेतून गळतो. मला हाच भाग मोलाचा वाटतो. तत्त्वज्ञ मुठींत बुडालेला, आणि मुठी बसवायची फी घेणारे हे तत्त्वज्ञानात.

काकूंच्या बाथरूमच्या दाराची कडी अजून 'विचाराधीन' आहे. काका आत असले की खड्या आवाजात रामरक्षा म्हणतात. परवा गृहस्थांनी ती बाहेर उभं राहून ऐकली आणि गहिवरले.

"बघा काकू, आता कडीची गरजच उरली नाही!"